ड्रोन आले, मग अधिकाऱ्यांना शिकवायचं कशाला?

कोकण किनाऱ्यावर सध्या एक मुद्दा सगळीकडे ऐकू येतो आणि मोबाइलवरून तितकाच फिरतो: 'जानेवारी २०२५पासून राज्याने ड्रोन आणले, बोटींवर त्यांची जागा कळवणारे ट्रान्सपॉन्डर बसतायत. अवैध मासेमारी आता आपोआप दिसेल. मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावर खर्च करणं म्हणजे पैसा समुद्रात टाकणं. जाळं काय कुणीही मोजेल, दंडाची पावती कुणीही फाडेल आणि उरलेलं तटरक्षक दल बघेल.'

ड्रोन यायलाच हवे होते. बाकीचं मात्र एकेक करून तपासू.

'ड्रोनने फोटो काढला की गुन्हा सिद्ध'

ड्रोनच्या फोटोत जे अक्षांश-रेखांश येतात ते ड्रोनचे असतात, बोटीचे नाहीत. कॅमेरा तिरका धरून दीड किलोमीटरवरची बोट टिपली, तर कागदावर दीड किलोमीटरची चूक बसते. राज्याचा सागरी मासेमारी कायदा १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत चालतो. बोट हद्दीच्या कडेला असेल तर सुनावणीत मालकाचा पहिला प्रश्न हाच असतो: माझी बोट आत होती कशावरून?

इथे शिकलेला आणि न शिकलेला अधिकारी लगेच ओळखू येतो. जीपीएसवर '७३ अंश ०५.५० मिनिटं' दिसतं आणि घाईत पंचनाम्यात '७३ अंश ०५ मिनिटं ५० सेकंद' लिहिलं जातं. दशांश मिनिटं आणि सेकंद यांची गल्लत झाली. पॉइंट पन्नास मिनिट म्हणजे ३० सेकंद, लिहिले ५०. रत्नागिरीच्या अक्षांशावर हा फरक सुमारे ५९० मीटरचा होतो. त्यामुळे बोट पहिल्यांदा दिसली तेव्हाची आणि आपण तिच्यावर चढलो तेव्हाची, अशा दोन्ही जागा नोंदवायच्या. त्या जीपीएसच्या वेळेसह लिहायच्या आणि पडद्याचा फोटो काढायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते अंगवळणी पडायला सराव लागतो.

एलईडी दिव्यांच्या बाबतीत ड्रोन आणखी तोकडा पडतो. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ला बंदी घातली. राज्याच्या कायद्यात २०२१च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड आहे. एवढी रक्कम पणाला लागली की मालक वकील घेऊनच येणार. शिवाय हे काम बहुतेक वेळा दोन बोटींचं असतं: एक दिवे लावून मासा गोळा करते, दुसरी येऊन पर्ससीनचा, म्हणजे थव्याभोवती गोल टाकून तळाने आवळायच्या जाळ्याचा, वेढा टाकते. गस्तीनौका दिसली की दिवे बंद होतात, केबल पाण्यात सोडली जाते आणि दिव्यांची बोट माशांच्या रिकाम्या कप्प्याने उभी राहते. तिथे फोटोपेक्षा जनित्राजवळ उभा राहिलेला माणूस कामाला येतो. जनित्र अजून गरम आहे का, त्याच्या पाटीवर किती केव्हीए (वीजक्षमता) लिहिलंय, त्यावरून कप्प्यातल्या दोन बल्बांपेक्षा किती जास्त भार चालतो, स्विचबोर्डावर किती जोड मोकळे आहेत, कठड्यावर केबल घासल्याचे ताजे ओरखडे आहेत का, हे सगळं त्याने पाहून पंचांसमोर लिहायचं असतं. 'एलईडी बोट आढळली' एवढ्या एका ओळीचा पंचनामा टिकत नाही.

'ट्रान्सपॉन्डर सगळं सांगतो'

बोट कुठे होती ते सांगतो, काय करत होती ते नाही. तेही चालू ठेवला तर. मार्गरेषा वाचावी लागते. ट्रॉलर जाळं ओढताना साधारण २ ते ४ नॉट (तासाला तितके सागरी मैल) वेगाने बराच वेळ चालतो, पर्ससीनवाला घट्ट गोल काढतो, पाण्यात भिंतीसारखं जाळं सोडणारा गिलनेटवाला प्रवाहाबरोबर वाहत राहतो. राज्याच्या ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम दिलाय. फेब्रुवारीत पडद्यावर तसा गोल दिसला, तर कोणत्या बोटीकडे आधी जायचं हे कळलं पाहिजे. संकेत तुटला म्हणजे चोरी, असंही नाही. बॅटरी उतरते, अँटेना तुटतो. बंदराला लागल्यावर बर्फ, डिझेल आणि लिलावाच्या नोंदी जुळवून पाहायच्या.

'जाळ्याचा आस कुणीही मोजेल'

हा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो. कोरड्या जाळ्यावर, सैल धरून, पट्टीने एकच आस, म्हणजे जाळ्याचं एकच भोक, मोजला की वाद ठरलेलाच. योग्य पद्धत अशी: जाळं ओलं असताना मापायचं. खोल्याच्या, म्हणजे मासा जमतो त्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीच्या, शिवणीपासून किमान अर्धा मीटर दूर सुरुवात करायची. फाटलेले, सांधलेले आस सोडायचे. पाचरीसारखा चपटा मापक आसात घालून लांबीच्या दिशेने सारख्या जोराने ताणायचं. सलग २० आस मोजून सगळे आकडे लिहायचे, मग सरासरी. पर्ससीनला किमान २५ मिलिमीटर आणि ट्रॉलच्या खोल्याला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस हवा. चौकोनी कशासाठी, हेही अधिकाऱ्याला समजावून सांगता आलं पाहिजे: शंकरपाळ्यासारखा आस ओढताना ताणाने मिटतो आणि पिल्लं आतच अडकतात, चौकोनी उघडा राहतो.

आणि हात आत घालून बघायचंच. बाहेर नियमातला खोला आणि आतून बारीक आसाचं अस्तर, ही युक्ती बाहेरून मोजणाऱ्याला कधीच सापडत नाही.

माशाचंही तसंच. राज्याने २०२३मध्ये ५४ प्रजातींची किमान लांबी ठरवली, पापलेटची १३५ मिलिमीटर. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजायचं की टोकापर्यंत, यात पापलेटसारख्या दुभंगल्या शेपटीच्या माशात चांगलाच फरक पडतो. अधिसूचनेत जी लांबी धरली आहे तीच मोजायची, आणि टोपलीच्या वरचा थर नाही, तळातला मासाही घ्यायचा.

'उरलेलं तटरक्षक दल बघेल'

१२ मैलांच्या आत राज्याचा कायदा लागतो आणि तो राबवणं हे मत्स्यव्यवसाय खात्याचं काम आहे. २०२१च्या दुरुस्तीने तर तहसीलदारांकडचे निवाड्याचे अधिकारही खात्याकडेच आणले. म्हणजे तपासणारा आणि निवाडा देणारा, दोघेही याच खात्यातले. कागद कच्चा असेल तर दोष ढकलायला दुसरं कार्यालय उरलेलं नाही.

'पावती फाडायला प्रशिक्षण कसलं?'

पावतीच्या आधी बोटीवर चढावं लागतं. रात्री, लाटेत, समोर दहा-पंधरा खलाशी. मागून गेलं तर जाळ्याची दोरी पंख्यात अडकते, म्हणून वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने जायचं, समोरच्या तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) वेग कमी आणि दिशा एकच ठेवायला सांगायचं. गस्तीनौकेचं सुकाणू धरणारा कधीही चढत नाही, चढणारे किमान दोघं, अंगात लाइफ जॅकेट. तांडेलाशी आवाज न चढवता बोलणं हाही सरावाचाच भाग आहे. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात आधीच तणाव असतो, त्यात अरेरावीने भर पडली तर पुढच्या वेळी तक्रार द्यायला कुणी पुढे येत नाही.

हे वर्गात फळ्यावर शिकवून येत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा किंवा मुंबईच्या ससून डॉक बंदरात उभ्या असलेल्या बोटीवर, ओल्या जाळ्यावर, रात्रीच्या अंधारात दोन-तीनदा करून घ्यावं लागतं, आणि शेवटी प्रत्येकाकडून एक संपूर्ण पंचनामा लिहून घ्यावा लागतो. जप्त मासा नाशवंत, त्यामुळे तो बर्फात ठेवणं, वजन करून लगेच लिलाव लावणं आणि आलेल्या रकमेची पावती प्रकरणाला जोडणं हेही त्या पंचनाम्यात असलं पाहिजे. मासा सडला आणि पावती नसली, तर मालक उलट भरपाई मागत दारात उभा राहतो.