'पॉझिटिव्ह राहा' एवढं म्हणून कॅन्सर पेशंटचं ओझं उतरत नाही

घरात कुणाला कॅन्सर निघाला की चार-आठ दिवसांत एक मेसेज येऊन थडकतोच. कधी आतेभावाकडून, कधी शाळेच्या ग्रुपवरून. शब्द इकडेतिकडे होतात, सांगणं मात्र तेच. कॅन्सर निम्मा मनात असतो, मन खंबीर ठेवलं की गाठ विरघळते. पेशंटला आजाराचं नाव कळू देऊ नका, तो खचेल. घरच्यांचं प्रेम असलं की समुपदेशन लागत नाही, ती श्रीमंतांची थेरं आहेत. आणि हॉस्पिटलातले समाजसेवक? ते फक्त फॉर्म भरायला बसवलेले असतात.

पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हे मला मान्य आहे. पण या मेसेजपायी पेशंट एकटा पडतो, घरचे चुकीच्या गोष्टीत शक्ती घालवतात आणि खरी मदत चार पावलांवर असूनही कुणी तिकडे फिरकत नाही. म्हणून त्यातलं एकेक विधान घेऊन उत्तर देते.

"मन खंबीर ठेवलं की कॅन्सर बरा होतो."

या समजुतीला एकेकाळी अभ्यासाचा आधार मिळाला होता. १९८९ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या स्त्रिया आधारगटात, म्हणजे आपलं दुःख एकमेकींशी बोलणाऱ्या रुग्णांच्या गटात, नियमित बसत होत्या, त्या इतरांच्या जवळपास दुप्पट काळ जगल्याचं त्यात दिसलं. ही बातमी जगभर गेली आणि लोकांच्या मनात घर करून राहिली. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. कॅनडात २३५ स्त्रियांवर हाच प्रयोग पुन्हा झाला. २००१ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा आधारगटातल्या स्त्रियांचं मध्यम आयुर्मान १७.९ महिने आणि बाकीच्यांचं १७.६ महिने निघालं. म्हणजे फरक नाहीच. खुद्द स्पीगल यांनी २००७ मध्ये आपलाच प्रयोग नव्यानं करून पाहिला, त्यांनाही आयुष्य वाढल्याचं आढळलं नाही. त्याच वर्षी डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास आला. मनानं उभारी धरलेले आणि खचलेले, दोघांच्या जगण्या-मरण्यात मनःस्थितीमुळे काही फरक पडलेला दिसला नाही.

मग आधारगट फुकट गेले का? मुळीच नाही. कॅनडातल्या त्याच अभ्यासात, सुरुवातीला जास्त त्रासात असलेल्या स्त्रियांचं मन हलकं झालं, वेदनाही कमी जाणवू लागल्या. गाठ विरघळली नाही, पण दिवस सुसह्य झाले. मला विचाराल तर आधार देण्यासाठी एवढं कारण पुष्कळ आहे.

मन आणि उपचार यांचा एक संबंध मात्र खरा आहे आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नसतो. नैराश्यात गेलेला माणूस गोळ्या चुकवतो, तारखेला येत नाही. निरनिराळ्या आजारांवरचे अभ्यास एकत्र करून २००० साली केलेल्या एका विश्लेषणात, नैराश्य असलेल्या रुग्णांनी उपचार नीट न पाळण्याची शक्यता तिप्पट आढळली. असं नैराश्य ओळखावं लागतं, त्यावर उपचार करावे लागतात. "हसत राहा" म्हटल्यानं माणूस ते लपवायला शिकतो, बाकी काही होत नाही.

आणि सगळ्यात मोठा अन्याय होतो तो पेशंट गेल्यावर. "शेवटी शेवटी तिनं हिंमत सोडली हो," असं दहाव्याला आलेली माणसं बोलून जातात. जिनं तोंड सोलवटलेलं असतानाही केमोच्या सगळ्या सायकली पुऱ्या केल्या, तिच्या माथी तिच्याच मरणाचा दोष! हे मला अजिबात सहन होत नाही.

"आजाराचं नाव पेशंटला सांगू नका."

आपल्याकडे "टाटाला नेलंय" एवढं म्हटलं की अख्ख्या गावाला कळतं. पेशंट त्या इमारतीत शिरतो, पाटी वाचतो, शेजारच्या बाकावरच्या माणसाच्या नाकातली नळी बघतो. त्याला न कळण्यासारखं काय उरतं? उरतं एवढंच की त्याला माहीत आहे, घरच्यांना माहीत आहे, आणि दोघंही एकमेकांसमोर नाटक करत राहतात. रात्री भीती वाटली तर बोलायला कुणी नाही, कारण बोललं की नाटक उघडं पडेल.

कायद्यानंही हे बसत नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या ऑपरेशनला त्याची स्वतःची संमती लागते. तिथे आईनं दिलेली संमतीही चालली नाही. आजारच माहीत नसेल, तर माणूस संमती कशाला देणार?

पण म्हणून एकदम तोंडावर रिपोर्ट फेकायचा, असंही नाही. अनुभवी समाजसेवक आधी घरच्यांना बाजूला बसवतात. त्यांच्याशी वाद घालत नाहीत, "सांगितलं तर काय होईल असं वाटतं?" एवढंच विचारतात. बहुतेक वेळा भीती घरच्यांचीच असते. "अण्णा रडले तर मी काय करू?" मग पेशंटला विचारतात, तुम्हाला या दुखण्याबद्दल काय वाटतं, आणखी किती जाणून घ्यायचंय? काहींना सगळं हवं असतं. काही म्हणतात, पोराला सांगा, मला नको. हेही त्याचंच म्हणणं, तेही पाळायचं. ठरवायचं मात्र त्यानं.

"समाजसेवक फक्त फॉर्म भरतात."

या वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. फॉर्म भरणं हे हलकं काम आणि धीर देणं हे मोठं काम, अशी विभागणी ज्यांनी केली, त्यांनी कॅन्सर वॉर्डातली भीती जवळून पाहिलेली नाही.

एक उदाहरण सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदलून. बीडकडची ऊसतोड करणारी बाई, वर्षानुवर्षं मशेरी लावलेली, गालाच्या आत जखम. ऑपरेशनची तारीख मिळाली की ती पुढे ढकलायची. डॉक्टरांनी समजावलं, भावानं रागावून पाहिलं, जावेनं "देवावर भरोसा ठेव" म्हणून झालं. घाबरलीय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. समाजसेविकेनं नवऱ्याला चहा प्यायला खाली पाठवलं आणि घरी कोण कोण आहे, यंदा टोळीत कुणाकडे जाणार होतात, असं विचारत बसली. बऱ्याच वेळानं बाई बोलली, "मरनाचं काय नाय ओ ताई. पर उचल फिटायच्या आदी गेले तर समदं ह्येंच्या अंगावर यील."

मुकादमाकडून दोघांच्या कोयत्याची उचल, म्हणजे जोडीनं ऊस तोडण्याची आगाऊ मजुरी, घेतलेली. बाई आजारी म्हणजे कोयता, म्हणजे ही जोडी, मोडली. दिवाळी झाली की टोळी निघणार. पोरं शाळेत, त्यांना ठेवायचं कुणाकडे? या बाईला कुणी कितीही वेळा "पॉझिटिव्ह राहा" म्हटलं असतं, तरी रात्री झोप लागली नसती. समाजसेविकेनं काय केलं? रेशनकार्डावरच्या नावातली चूक दुरुस्त करण्यासाठी तहसीलला पत्र दिलं, कारण त्याशिवाय राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून उपचारांना मंजुरी मिळेना. गावच्या सरपंचांना फोन करून मुकादमाशी बोलणं घडवून आणलं. पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची चौकशी केली. उचल माफ झाली नाही, पुढच्या हंगामावर गेली. पण बाई ऑपरेशनला उभी राहिली. यात फॉर्म कुठे संपला आणि धीर कुठे सुरू झाला, ते दाखवा मला.

मनावरचा ताण मोजण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांच्या पुढाकारानं १९९० च्या दशकात अमेरिकेत एक साधं साधन रूढ झालं. थर्मामीटरसारखं चित्र, त्यावर शून्य ते दहा आकडे. गेल्या आठवड्यात किती त्रास झाला, त्या आकड्यावर पेशंटनं खूण करायची. चार किंवा जास्त आला की नीट विचारपूस करायची. त्या चित्राशेजारी अडचणींची यादी असते. तिच्यात भीती, उदासी, झोप आहेच, पण पैसे, राहायची सोय, प्रवास, मुलांना कोण सांभाळणार, हेही आहे. मनाचा ताण मोजणाऱ्यांनीच प्रवासखर्च मनाच्या त्रासात धरलाय.

आता आपल्याकडचा हिशेब बघा. घशाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे, सोमवार ते शुक्रवार. मधे खंड पडला तर गुण कमी येतो. नांदेडचा किंवा गडचिरोलीचा माणूस एवढे दिवस मुंबईत राहणार कुठे? परळला नाना पालकर स्मृती समितीत किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फूटपाथ. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीला तिकीट माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे सगळं कागदावर आहे. कागदावरून पेशंटच्या हातात येण्यासाठी मधे माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे समाजसेवक.

याचा परिणाम मोजलाही गेलाय. टाटा मेमोरियलच्या बालविभागात २००९ च्या सुमारास जवळपास २० टक्के मुलांचे उपचार घरच्यांकडून नाकारले किंवा अर्धवट सोडले जात होते. मग राहणं, जेवण, पैसा, समुपदेशन आणि तारीख चुकवणाऱ्या कुटुंबाचा पाठपुरावा, असं सगळं एकत्र बांधलं गेलं. काही वर्षांत ते प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलं. मुलांच्या बऱ्याच कॅन्सरना चांगला गुण येतो, उपचार पूर्ण झाले तर. या "फॉर्म भरण्यानं" लेकरं वाचली आहेत.

"घरच्यांचं प्रेम पुरेसं आहे."

प्रेम लागतंच. पण काही गोष्टी माणूस फक्त परक्याशी बोलू शकतो. स्तन काढल्यावर नवऱ्यासमोर कपडे बदलायची लाज वाटते, हे ती सासूला सांगेल? जबडा काढलेला बाप पोरांसमोर जेवायला बसत नाही, लाळ गळते म्हणून. आता उपचार नकोत, थकलो, हे बायकोला कसं सांगायचं? ज्यांच्यावर जीव आहे, त्यांना दुखवायचं नसतं म्हणूनच तर घरात गप्प बसावं लागतं. अशा वेळी त्याच वाटेनं गेलेला माणूस समोर आला की बोलणं सुटतं. मुंबईत व्ही केअर ही संस्था १९९४ पासून हे काम करते, तिच्या स्वयंसेवकांत स्वतः कॅन्सरमधून गेलेले लोक आहेत.

शिवाय, प्रेम करणाऱ्याकडे कोण बघतं? रजा संपलेली मुलगी, रात्रंदिवस नळीतून दूध भरणारी सून. त्यांनाही कुणीतरी "तुम्ही जेवलात का?" म्हणून विचारावं लागतं.

"ही श्रीमंतांची थेरं."

इतिहास नेमका उलटा आहे. रुग्णालयात समाजसेवक नेमण्याची सुरुवात १८९५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात, गरिबांना मोफत उपचार देणाऱ्या ठिकाणी झाली. आपल्याकडे समाजकार्याचं पहिलं महाविद्यालय, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, १९३६ मध्ये मुंबईत निघालं आणि १९४६ मध्ये पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली ती जे. जे. रुग्णालयात. सरकारी रुग्णालयात! श्रीमंत माणूस खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे फी भरून जाऊ शकतो. सरकारी दवाखान्यातल्या पेशंटला तो पर्याय नसतो, म्हणून ही पदं निर्माण झाली. माझी तक्रार असलीच तर ती माणसं फार कमी आहेत, ही. एकाच टेबलामागे बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत रांग उपसणाऱ्या माणसाला निवांत अर्धा तास ऐकायला मिळत नाही, आणि मग लोक म्हणतात, हे नुसते फॉर्म भरतात. तेव्हा मागणी करायचीच तर आणखी पदं भरण्याची करावी.

तोपर्यंत, ज्यांच्या घरात आत्ता हे चालू आहे त्यांच्यासाठी. केस पेपर काढाल त्याच दिवशी समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा. पैसे संपायची वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयात पाटीवर "समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)" असं लिहिलेलं असतं. फुले योजनेत असलेल्या खासगी रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, भेटतो आणि धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असावाच लागतो. रेशनकार्ड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. आणि पैशांचं बोलणं झालं की लगेच उठू नका. झोप लागत नाही, पेशंट बोलेनासा झालाय, हेही तिथेच सांगा. रात्री-अपरात्री जीव फार घाबरला तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तो मेसेज आला, तर त्याखाली एवढंच लिहा: "मंगळवारी आणि गुरुवारी रेडिएशनला काकूंना मी घेऊन जाते. बाकीचे वार कोण घेतंय?"