खुलासा : ‘९१ ऑक्टेनवर ११:१ कॉम्प्रेशन चालते’ हा संदेश कृपया थांबवावा

‘अ‍ॅल्युमिनियमचे हेड असेल, तर ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर ११:१ कॉम्प्रेशन रेशो रोजच्या गाडीला बिनधास्त चालतो’ हा संदेश मीही पुढे पाठवला होता. (कॉम्प्रेशन रेशो म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पटीने दाबले जाते; ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची पेट्रोलची क्षमता; हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण.) तो दिशाभूल करणारा आहे आणि ही चूक मी मान्य करतो.

मूळ सल्ला अमेरिकेतला आहे. तेथील पंपावरचा ९१ हा आकडा रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींच्या ऑक्टेनची सरासरी असतो. तेच पेट्रोल केवळ रिसर्च पद्धतीने मोजल्यास सुमारे ९५-९६ भरते. आपल्याकडील साध्या बीएस-६ (प्रदूषण मानक) पेट्रोलसाठी ठरलेले किमान ९१ मात्र रिसर्च ऑक्टेनच होते. त्यामुळे आकडा सारखा दिसला, तरी आपले ९१ चे पेट्रोल लवकर नॉकिंग करते, म्हणजे दाबाखाली आपोआप पेटून इंजिनात ठोके देते. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेल्या एका इंजिनाचा पिस्टन मी हातात घेऊन पाहिला आहे: कडेला वाळूने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते आणि वरच्या रिंगजवळचा काठ तुटला होता.

शिवाय ९:१ वरून ११:१ वर गेल्यास आदर्श चक्राच्या (कोणतेही नुकसान न धरता केलेल्या कागदावरच्या) हिशेबानेही कार्यक्षमता आधीच्या तुलनेत सुमारे साडेपाच टक्केच वाढते. इनटेक व्हॉल्व्ह केव्हा बंद होतो, कंबशन चेंबरचा आकार कसा आहे आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किती आहे, हे पाहिल्याशिवाय रेशो ठरवू नये. जुना संदेश कोणाला पाठवला असेल, तर त्यांना हा खुलासा अवश्य पाठवावा.