पाव्हणं, तुमची वायर लोंबतीया

परवा मिरज रोडवरच्या एका मंगल कार्यालयात मी अख्खं रिसेप्शन बेस गिटार वाजवली आणि तिचा एकही सूर हॉलमधल्या कुणाच्या कानावर गेला नाही. वाईट वाजवली म्हणून नव्हे. माझ्या वायरचा जॅकच काढून टाकला होता.

काढला साउंडवाल्या पोरानं, पहिलं गाणं सुरू होता होता, मला न विचारता. त्याच्या मिक्सरवर चॅनेल मोजकेच. गायकांचे माइक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, लीड गिटार आणि सगळ्यात शेवटी मी. तेवढ्यात मुलीकडच्यांनी निवेदनासाठी आणखी एक माइक मागितला. कुणाला तरी उठवायचं होतं, त्यानं मला उठवलं. त्या माइकचा पुढे रात्रभर काय उपयोग झाला ते मला पाठ आहे : "एमएच १०, पांढरी गाडी, गेटच्या तोंडावर लावलेली आहे, ज्यांची असेल त्यांनी कृपया काढून घ्यावी." हे माझ्या जागी बसलं. मुखड्यात गाडी, अंतऱ्यात गाडी. सांगलीत प्रत्येकाची गाडी पांढरी आणि प्रत्येकाला ती गेटच्या तोंडावरच लावायची असते.

मी त्या पोराला खुणा केल्या. कान दाखवला, वायर दाखवली, डोळे वटारले. त्यानं अंगठा दाखवला. म्हणजे मस्त चाललंय. खाली उतरून सांगावं, तर वधूवरांना भेटायला पाकिटं घेऊन उभी असलेली रांग आडवी. शिवाय माझ्या नेमका समोर व्हिडिओवाला. म्हणून वाजवत राहिलो.

"तुझा स्वतःचा अँप नव्हता का?" असं तुम्ही विचाराल. माझ्या बायकोनंही विचारलं. अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, आहे आणि तो घरी पलंगाखाली आहे. खालच्या सुरांना माणसाचा कान बधिर असतो, त्यामुळे लीड गिटारच्या जोडीनं ऐकू यायचं तर बेसला कितीतरी पट जास्त वॅट लागतात. तेवढ्या वॅटचा खोका स्कूटरवर पुढे पायात ठेवला की पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतो. तरीही मी नेणार होतो. आमचा गायक म्हणाला, "स्टेज लहान आहे, तू डायरेक्ट मिक्सरमध्ये घाल." हा गायक बँडचा प्रमुख. का, तर व्हॉट्सॲप ग्रुप त्यानं काढला.

आता मामा.

नवऱ्या मुलीचे मामा. मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. कूलरचं खरं वारं स्टेजच्या डाव्या कोपऱ्यातच येतं हा शोध त्यांना आल्या आल्या लागला आणि ते खुर्ची घेऊन थेट माझ्या गुडघ्यापाशी बसले. पहिलं गाणं त्यांनी मला नुसतं निरखलं. दुसऱ्याला बोलले.

"पाव्हणं, ह्या गिटारीच्या दोन तारा कुटं गेल्या?"

माझा आवाज बंद असल्यामुळं मी वाजवता वाजवता गप्पा मारू शकत होतो, एवढी एक सोय झाली होती. म्हटलं, "चारच असतात, मामा. ही बेस गिटार."

"मग दुकानदाराला सांगायचं न्हवं का? दोन बसवून दिल्या असत्या त्यानं."

"कंपनीतूनच चार येतात."

"आसं व्हय. मग सस्त्यात पडली आसंल."

"उलट महाग पडते."

मामा खुर्चीत पुढे सरकले. आता विषय त्यांच्या प्रांतात आला होता. "सा तारंला कमी आन् चार तारंला जास्त? ह्यो कुटला हिशेब?"

"तारा जाड असतात. दांडा लांब असतो, लाकूड जास्त लागतं."

"म्हंजे वजनावर लावत्यात."

"वजनावर नाही हो..."

"किती भरंल?"

"असेल चारेक किलो."

मामांनी काही न बोलता हात पुढे केला, गिटारीच्या बुडाखाली तळवा घातला आणि ती पट्ट्यासकट वर उचलली. इकडे मी कोमल निषादावर. दोनदा झेललीन् आणि म्हणाले, "साडेचार." घरी येऊन मी वजनकाट्यावर ठेवली. साडेचार.

या वाद्यात लपवण्यासारखं काही नाही. लिओ फेंडर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याआधी बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, उभं, पडदे नसलेलं धूड. त्यानं ते आडवं करून गळ्यात अडकवलं आणि पडदे, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवले. तारेची लांबी ३४ इंच. १९६० साली त्याच कारखान्यातून जॅझ बेस निघाली, जिची मान निमुळती. जगातले अर्धे बेसवाले या दोनांपैकी कोणती चांगली यावर भांडतात आणि उरलेले अर्धे या दोघींच्या स्वस्त नकला विकत घेतात. मी दुसऱ्या अर्ध्यातला. जॅझच्या घाटाची घेतली, कारण माझी बोटं आखूड. पॅसिव्ह घेतली, कारण ॲक्टिव्हला आत ९ व्होल्टचा सेल लागतो आणि तो ऐन गाण्यात संपतो. तारा फ्लॅटवाउंड लावल्या, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या. आवाज गोल येतो, बोटं घासल्याची करकर येत नाही. त्या तारांच्या किमतीत चांगली सायकल येते, हे बायकोचं मत. हे सगळं विचारपूर्वक, रात्र रात्र जागून ठरवलेलं. परवाच्या कार्यक्रमात यातल्या कुठल्याही निर्णयानं काडीचाही फरक पडला नाही. झाडू घेऊन उभा राहिलो असतो तरी चाललं असतं. झाडू हलका तरी आहे.

"मिरजंत दाखवा," मामा म्हणाले. "मिरजंत बसवून देतील दोन तारा."

मिरज आमच्यापासून आठ-दहा किलोमीटर. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत दीडशेहून जास्त वर्षं सतारी आणि तानपुरे घडतात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. मी तिथे खरोखरच गेलेलो आहे. पाचव्या पडद्यावर खालची तार भणभणायची. पुण्याला पाठवायची तर जाण्यायेण्याचा खर्च गिटारीच्या किमतीत मावेना. म्हणून मिरजेतल्या एका म्हाताऱ्या कारागिरासमोर ती ठेवली. त्यांनी तार छेडली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "चांगली आहे की जवारी."

"ती भणभण काढायचीय, चाचा."

"काढायची?" त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. समोर तानपुऱ्याची घोडी होती. तिचा माथा केसाएवढा केसाएवढा घासत ते सकाळपासून बसले होते, का, तर तार तिला निसटती शिवून भणभणावी. त्या भणभणीतच, म्हणजे जवारीतच, तानपुऱ्याचा प्राण. गवई लोक लांबून येतात ती लावून घ्यायला, आणि मी ती काढून टाकायला आलो होतो. त्यांनी पोराला हाक मारली, मला दाखवलं. पोरानं शेजारच्या दुकानातून आणखी दोघांना आणलं. सगळ्यांनी तार छेडून पाहिली. दांड्याच्या आत लोखंडी सळई असते आणि ती किल्लीनं पिळता येते हे कळल्यावर तर चाचांनी मला चहाच पाजला, आजाऱ्याच्या नातेवाइकाला पाजतात तसा. शेवटी उंच झालेला एक पडदा दोन मिनिटांत घासून दिला आणि पैसे घ्यायला तयार होईनात. म्हणाले, "बिघडवायचे पैसे आम्ही घेत नाही."

हे मामांना सांगितलं. ते हसले नाहीत. ते दुसऱ्याच विचारात होते.

"पाव्हणं, तुमची वायर लोंबतीया."

अख्ख्या हॉलमध्ये हे एकट्या मामांना दिसलं. चारपाचशे माणसं, एक डोळे मोठे केलेला बेसवाला, आणि पाहिलं कुणी, तर हळदीच्या व्यापाऱ्यानं.

"माहीत आहे, मामा. साउंडवाल्यानं काढलीय."

"मंग वाजवताय कशापायी?"

"थांबलो तर वाईट दिसतं."

"ऐकू येत न्हाई ते वाईट दिसंल कसं?"

याला मी अजून उत्तर शोधतोय. त्या वेळी काहीतरी बोललो, की बेस ऐकण्यापेक्षा जाणवतो, खालचा सूर सेकंदाला ४१ कंपनं, त्याची एक लाट आठ मीटरची. मामांनी आठ मीटर नजरेनं मोजले. ते बिर्याणीच्या काउंटरपर्यंत गेले. मग त्यांनी आवाज खाली आणून खरा प्रश्न विचारला.

"पैसं सगळ्यास्नी सारकंच?"

"हो. समान वाटणी."

"त्याच्या सा तारा चालू. तुमच्या चार, त्या बी बंद. तरी सारकंच?"

तेवढ्यात पुन्हा पांढरी गाडी आली आणि मी सुटलो.

कार्यक्रम संपल्यावर जे झालं ते जास्त लागलं. आमचा कीबोर्डवाला, दातांचा डॉक्टर, घाम पुसत आला आणि म्हणाला, "आज एकदम टाइट वाजलं यार. पहिल्यांदाच." लीड गिटारवाल्यानं मान डोलावली. ढोलकीवाला म्हणाला, "लो एंड क्लिअर होता." लो एंड म्हणजे खालचे सूर, म्हणजे मी. मी लोंबणारी वायर त्यांच्यापुढे धरली. दोन क्षण शांतता, आणि मग डॉक्टर म्हणाला, "हां, मी डाव्या हातानं बेस टाकत होतो तसा." टाकत होतो! म्हणजे नेहमीच टाकतो! आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रांत ही जुनीच रीत आहे, बेसवाल्याचे पैसे वाचतात. पण मी उभा असताना?

ही जातच अशी. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कित्येक गाजलेल्या रेकॉर्डींवर बेस वाजवणारा जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा, तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही, आणि वर्षानुवर्षं रेकॉर्डच्या पाकिटावर त्याचं नाव छापलं गेलं नाही. पंचमदांकडे बेस वाजवणारा टोनी वाझ. पंचमदांच्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्या आमच्या गायकाला हा टोनी कोण म्हणून विचारलं, तर म्हणाला, "गोव्याला भेटलेला तो का?"

आणि लोकांना बेस आवडत नाही म्हणावं, तर गणपतीत याच गावात डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात. घरातल्या काचा थरथरतात, मांडणीवरचे पेले सरकतात, छातीत बुक्क्या बसतात. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा कागदावर आहे. गेल्या वर्षी आमच्या आळीत भिंत थांबली तेव्हा समोरच्या घरात नुकतंच बायपास झालेले गृहस्थ होते. त्यांचा मुलगा हात जोडून गेला. त्यालाही अंगठाच दाखवला. यात विनोद करण्यासारखं काही नाही, म्हणून करत नाही. फक्त इतकंच, की ट्रॅक्टरवर लादून आणलेला बेस यांना चालतो, आणि माझ्या साडेचार किलोंना मिक्सरवर एक भोक मिळत नाही.

मानधन द्यायला मामाच आले. नोटा मोजून गायकाच्या हातात दिल्या. गायकानं मोजल्या, पुन्हा मोजल्या. "मामा, कमी आहेत."

"एक माणूस बंद व्हता," मामा म्हणाले. "साउंडवाल्या पोराला इचारा. मी धरून बसलोय पैल्यापासनं." आणि माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, "तुमच्या कष्टाबद्दल वाद न्हाई, पाव्हणं. पर माल पोचला न्हाई."

मला वाटलं, आता आमची माणसं खवळतील. औषध दुकानदार, दातांचा डॉक्टर, हायस्कूलचा मास्तर, सगळी शिकलेली माणसं. ते एकमेकांकडे पाहू लागले. मग गायक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. लग्नघर आहे. थोडक्यासाठी कशाला वाद." तो थोडका म्हणजे माझा पूर्ण हिस्सा होता. कुणी बोललं नाही. ढोलकीवाला ताट आणायला गेला.

रात्री ग्रुपवर मी सविस्तर लिहिलं. चॅनेल, माइक, समान वाटणी, तत्त्वाचा प्रश्न, सगळं. दोन निळ्या खुणा आल्या. मग डॉक्टरनं केकचा फोटो टाकला, कुणाचा तरी वाढदिवस होता. सकाळी गायकाचा मेसेज : मामांच्या भाच्याचं जावळ आहे, जयसिंगपूरला, पुढच्या महिन्यात, त्यांना बँड आवडला. बेसवाल्यांनाही आणा म्हणाले, स्टेज भरलेलं दिसतं. साउंड तोच.