मानवी हक्कांचं धोरण उसाच्या फडापर्यंत कधी येणार?

कोका-कोला आणि पेप्सिको महाराष्ट्रातल्या कारखान्यांची साखर घेतात, आणि दोघांचीही मानवी हक्कांची धोरणं जाहीर आहेत. बालमजुरी नको, वेठबिगारी नको, पुरवठादारांनाही हेच नियम लागू. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टनं महाराष्ट्रातल्या ऊसतोड मजुरांवर मोठी शोधबातमी केली. कोका-कोलाच्याच सल्लागारांना २०१९ मध्ये इथल्या फडांत ऊस तोडणारी मुलं दिसली होती, हे त्यात आलं. म्हणजे "आम्हाला कल्पना नव्हती" असं म्हणायला जागाच उरत नाही.

फडात काय चालतं ते नीट समजून घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. हंगामाआधी मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि पुढचे पाच-सहा महिने ती तोडून फेडायची. एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे पाचशे ते हजार रुपये दंड. पाळी असो, ताप असो, खाडा लागतोच. राहायला ताडपत्रीची कोपी, म्हणजे झोपडी, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. पहाटे अंधारात ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. अशात अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, आणि बाई दुखणं अंगावर काढते. शेवटी खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि गर्भाची पिशवी काढली जाते. ऑपरेशनला पैसे कुठले? पुन्हा उचल.

या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा वाचला तेव्हा माझा संताप झाला, आजही होतो.

कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. साखर घेणारी कंपनी तर आणखी लांब. पण उद्योग आणि मानवी हक्कांविषयीची २०११ ची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं हीच पळवाट बंद करतात. ज्यांच्याशी तुमचा धंदा आहे त्यांच्याकडे माणसं भरडली जात असतील, तर ते थांबवायला तुम्ही तुमचं वजन वापरलं पाहिजे, असं ती सांगतात.

आणि वजन आहेच की! शीतपेयांसाठी साखर घेताना तिचा रंग तपासतात, गंधकाचं प्रमाण तपासतात. निकषात न बसणारा माल परत जातो. अशा गिऱ्हाइकांसाठी आपल्या कारखान्यांनी रिफायनऱ्या उभ्या केल्या, गंधकविरहित साखर काढली. गिऱ्हाईक मोठं असलं की कारखाना सगळं जमवतो. मग खाडा बंद, उचलीची लेखी पावती, कोप्यांजवळ पाणी आणि संडास, या अटी खरेदीच्या करारात का नसाव्यात? शिवाय कुठल्या कारखान्याची साखर घेता ती नावं जाहीर करा. युनिलिव्हरनं २०१८ मध्ये पामतेलाच्या गिरण्यांची यादी जाहीर केली होती, तेव्हा हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये.

ज्यांची पिशवी आधीच गेली, त्यांची कंबर धरते, हाडं दुखतात, कोयता पेलवत नाही. नुकसान झालेल्यांना भरपाई हा त्याच तत्त्वांचा तिसरा भाग आहे. या बायकांच्या औषधपाण्याचा खर्च आणि त्यांच्या डोक्यावरची उचल, दोन्हींचा भार कारखान्यांनी आणि त्यांची साखर घेणाऱ्या कंपन्यांनी उचलावा. सुरुवात बीडपासून करावी, पाहणी तिथं झालेलीच आहे.