आजीच्या आठवणीतल्या ‘कात्रिना’ टॅटूबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आजीची आठवण म्हणून तुम्ही आमच्याकडून दंडावर ‘ला कात्रिना’, म्हणजे टोपी घातलेली सांगाड्याची बाई, काढून घेतलीत. घरी काकांनी मोबाइलवर शोधून ‘ही तर मेक्सिकोतल्या तस्करांची मृत्युदेवी’ असं सांगितलं, आईंनी अशुभ म्हणून हात झाकायला लावला. वर टॅटूतल्या झेंडूचा पिवळा रंग महिनाभरात मळकट दिसू लागला. ‘अर्थ कुणी एका शब्दाने सांगितला नाही,’ असं तुम्ही लिहिलंय, आणि ते खरं आहे. त्या दिवशी मी बाहेरगावी होते. आमच्या आर्टिस्टने कॅटलॉग दाखवला आणि थेट स्टेन्सिल लावलं. चूक आमची आहे, मनापासून माफी मागते.

पण ताई, तुमच्या दंडावर मृत्युदेवी नाही. काकांनी पाहिली ती सांता मुएर्ते असणार: अंगभर झगा, हातात लांब दांड्याचा विळा. तिची पूजा होते, आणि तिला मानणाऱ्यांत साधी कष्टकरी माणसंही पुष्कळ आहेत. तुमची बाई पिसांची मोठी टोपी घातलेली आहे. तिला कुणी नवस बोलत नाही, कारण ती मुळात व्यंगचित्र आहे. मेक्सिकन चित्रकार होसे ग्वादालुपे पोसादा यांनी १९१०च्या सुमारास ते जस्ताच्या पत्र्यावर कोरलं, आपलं मूळ लपवून युरोपियन थाटात मिरवणाऱ्यांची टर उडवायला. तेव्हा नुसती कवटी आणि टोपी होती. पोसादा १९१३ साली गेले. पुढे चित्रकार दिएगो रिवेरा यांनी १९४७च्या भित्तिचित्रात तिला पायघोळ पोशाख चढवला आणि शेजारी पोसादांनाच उभं केलं.

आज ती मेक्सिकोतल्या मृतांच्या दिवसाची ओळख झाली आहे. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे घरोघरी गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं जेवण ठेवतात, साखरेच्या कवट्यांवर नावं लिहितात. झेंडूच्या रंगाने आणि वासाने त्यांना घरची वाट सापडते, अशी श्रद्धा आहे. आपण सर्वपित्रीला पान वाढतो, हे आईंना सांगून बघा. आणि आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचाच.

आता रंगाचं. शाई त्वचेच्या आतल्या थरात बसते आणि आपण ती वरच्या सावळ्या थरातून बघतो. त्यामुळे पिवळा जखम भरल्यावर मोहरीसारखा दिसतो. हे सुई लावण्याआधीच सांगायला हवं होतं. पाकळ्यांच्या कडा गडद करून आत दाट केशरी भरला की फूल उठून दिसेल. हे काम मी स्वतः करीन, पैसे घेणार नाही.

टॅटू झाकायचाच असेल तर तेही विनामूल्य करू, पण काळ्या रेषांवर झाकायला आणखी मोठं आणि गडद डिझाइन लागेल, म्हणून घाई करू नका. टोपीच्या पट्टीवर बोटभर जागा मोकळी आहे. तिथे आजींचं नाव बसतं. मी कागदावर काढून पाहिलंय.

सोमवारी आमची सुट्टी असते, बाकी कधीही या. आईंनाही घेऊन या, आणि आजींच्या हातचं एखादं पत्र किंवा सही असेल तर सोबत आणा, नाव त्यांच्याच अक्षरात काढू.

– स्टुडिओची मालकीण