पोरगा की भांडवल?

परवा कट्ट्यावर 'देअर विल बी ब्लड' या हॉलिवूड पिक्चरवरून जुंपली. काडी टाकली पक्याने.

"तो तेलाचा धंदेवाला डॅनियल प्लेनव्ह्यू बाप म्हणून शून्य! लोकांच्या जमिनी घ्यायला निघाला की शेजारी गोंडस पोरगं उभं. म्हणजे 'आमचा घरचा धंदा आहे' म्हणायला मोकळा."

"पण मजूर तेलाच्या विहिरीत मेला, त्याचं तान्हं पोर यानेच उचललं ना? तेव्हा कुठल्या सौद्याचा हिशेब होता?" मिल्या म्हणाला.

मला राहवलं नाही. म्हटलं, विहीर पेटते तो प्रसंग आठवा. गॅसच्या धक्क्याने पोरगं फेकलं जातं, बहिरं होतं. बाप तेलाने माखलेला, त्याला छातीशी धरून पळतो. इथपर्यंत बाप. मग त्याला आत झोपवतो आणि ते 'सोडून जाऊ नका' म्हणत असताना पुन्हा विहिरीकडे धावतो. जमिनीखाली एवढं तेल निघालंय म्हणून हा खुशीत. त्याचा साथीदार फ्लेचर विचारतो, पोरगा बरा आहे का? हा म्हणतो, नाही. पण आगीवरची नजर हटत नाही.

"बघ, मी काय म्हणतोय!" पक्या.

"ऐक तरी. पळाला तेव्हा कोण गिऱ्हाईक बघत होतं?"

पुढे त्याच मुलाला आगगाडीत बसवून हा गुपचूप उतरतो. चर्चमध्ये धर्मोपदेशक ईलाय त्याला गुडघ्यावर बसवून 'मी माझ्या मुलाला टाकलं' असं ओरडायला लावतो.

"पाइपलाइनसाठी!" पक्याने टेबल आपटलं. "त्या बँडी नावाच्या म्हाताऱ्याची जमीन ओलांडल्याशिवाय तेल समुद्राकडे जात नव्हतं आणि त्याची अट होती बाप्तिस्म्याची, म्हणून!"

खरंय. पण पहिल्यांदा पुटपुटलेलं ते वाक्य शेवटी घशातून फाटून निघतं, ते पाइपलाइनसाठी वाटत नाही. पोरगा परत येतो तेव्हा बापाला मारतो, तेही रास्तच. (डॅनियल झालेल्या डे-लुईसच्या ऑस्करवर मात्र कट्ट्याचं एकमत. असं आमच्याकडे क्वचित होतं.)

ईलायला तो शेवटी सांगतो ना, बँडीच्या जमिनीखालचं तेल मी आजूबाजूने आधीच ओढलंय? आपल्याकडे शेजाऱ्याने खोल बोअर मारला की विहीर आटते, तसाच प्रकार. नातीही त्याने तशीच उपसली, असं माझं मत. 1927 साली मुलगा म्हणतो, मेक्सिकोत स्वतःचा धंदा काढतो. बाप त्याला प्रतिस्पर्धी ठरवतो, टोपलीत सापडलेलं पोर म्हणून हिणवतो.

"मग तो गेल्यावर लहानपणीचा खेळ का दाखवला?" मिल्या.

"डायरेक्टरला आठवला. त्याला कुठे?" पक्या म्हणाला.

यावर मिल्याने त्याला पिक्चर पुन्हा बघायला सांगितलं. पक्या म्हणाला, अडीच तास तू दे.