गॉलवेचं पेशी जगवणारं जेल अजून माणसापर्यंत पोचलेलं नाही

‘तिकडे मेंदूत नव्या पेशी घालून पार्किन्सन बरा करतात, आपल्याकडे मात्र सरकार परवानग्या अडवून बसलंय.’ नाशिकच्या मावसभावाचं हे म्हणणं घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी उचलून धरलं. मावशीला पार्किन्सन आहे आणि एका क्लिनिकने तिची अस्थिमज्जा काढून त्यातल्या पेशी मणक्यात सोडायचं ‘पॅकेज’ सांगितलंय.

मी आयर्लंडमध्ये, गॉलवेला राहते. इथल्याच विद्यापीठात एलीश डाउड आणि अभय पंडित यांच्या गटाने 2017 मध्ये या विषयावरचं काम प्रसिद्ध केलं. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात; त्यांच्या जागी मेंदूत सोडलेल्या नव्या डोपामाइन-पेशींपैकीही बहुतेक लवकरच मरतात. सुईतून जाताना त्यांची ओढाताण होते, आधाराला काही नसतं, वर शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांच्यावर धावून येते. म्हणून त्या कोलॅजन या प्रथिनाच्या जेलमध्ये मिसळायच्या. थंड असताना ते पातळ असतं, बारीक सुईतून उतरतं. शरीराच्या ऊबेत, 37 अंशांच्या आसपास, ते पेशींना धरून थिजतं. त्यात भरलेलं जीडीएनएफ हे प्रथिन हळूहळू झिरपत त्यांना जगवतं. जास्त पेशी तगल्या, त्यांचे तंतू दूरवर पसरले. पण उंदरांत!

माणसांवर चाललंय ते फार जपून. स्वीडनमध्ये लुंडला 2023 मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूत मूळपेशींपासून (स्टेम सेल) घडवलेल्या पेशी घातल्या. जपानमध्ये क्योतोच्या अशाच चाचणीत 7 रुग्ण होते; 2025 मध्ये निष्कर्ष आले, आणि त्यांचा मुख्य भर उपचार सुरक्षित दिसतो यावरच होता. ‘बरा करतात’ असं इथे कुणी म्हणत नाही.

त्यामुळे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नियमावलीवरचा राग मला पटत नाही. काही रक्तविकार वगळता मूळपेशींचा वापर फक्त रीतसर चाचणीत, असं ती सांगते. ही अडवणूक नाही, मावशीसारख्यांचं रक्षण आहे. माझी तक्रार वेगळी आहे: नियम असूनही अशी पॅकेजं राजरोस विकली जातात. आणि आपल्याकडे अक्कल कमी आहे असंही नाही. पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजेलवर, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या अशा जेलवर, मोलाचं काम केलं. अशा संशोधनाला पैसा मिळावा म्हणून ग्रुपवर भांडण झालं तर मी पहिली उतरेन.

मावसभावाला मी एवढंच सांगितलं: क्लिनिककडे चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक माग, आणि प्रयोग असेल तर रुग्णाकडून पैसे कसले घेता ते विचार. क्रमांक मिळाला तर आपण दोघं मिळून ती नोंद वाचू. तोवर मावशीच्या गोळ्यांच्या वेळा चुकवू नका.